एकाच आईची बाजरी

१९७०-७१ साली भारतात बाजरीचं उत्पादन ८० लाख टनांवर पोचलं. तोवरचा तो उच्चांक होता. पाच वर्षं आधी हेक्टरी तीन-साडेतीनशे किलोंशी घुटमळणारं हे पीक आता सव्वासहाशे किलोंच्या आसपास उतरत होतं. त्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला होता हे खरं, पण या उडीत मोठा वाटा संकरित बियाण्याचा होता. गहू आणि भाताच्या हरितक्रांतीचं कौतुक आपण पुष्कळ ऐकलं. कोरडवाहू मुलखातल्या, भाकरीच्या या धान्यानेही त्याच सुमारास झेप घेतली होती, ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्यानंतर जे घडलं, तेही राहिलं नाही.

पुढच्याच वर्षी उत्पादन साधारण एक-तृतीयांशाने खाली आलं. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ साल बरं गेलं, आणि १९७४-७५ मध्ये आकडा ३३ लाख टनांच्या घरात आला. यातला बराच दोष पावसाचा आहे. महाराष्ट्राला तर ७२ च्या दुष्काळाबद्दल वेगळं सांगायला नको. पण जिथे पाऊस पडला, जमीन ओली झाली, पाभर वेळेवर चालली, तिथेही बाजरी हातची गेली. तिथे पिकात ‘गोसावी’ शिरला होता.

गोसावी म्हणजे काय हे नाशिक, नगर, धुळे, बीडकडच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. काही भागांत त्यालाच केवडा म्हणतात. रोप लहान असतानाच पानं पिवळट पडतात, आणि दमट रात्रीनंतर सकाळी पानांच्या खालच्या अंगाला पांढुरकी भुकटी दिसते. तेवढ्यातूनही जी ताटं वाचतात त्यांच्या पोटरीतून कणसाऐवजी वळलेल्या हिरव्या पानांचा झुपका बाहेर पडतो. त्यात दाणा नसतो. सरमाड काय ते हाती येतं. या रोगाचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहतात, त्यामुळे एका हंगामात शेत बाधलं की पुढच्या हंगामातल्या पिकालाही धोका असतो.

आणि हा रोग काही नवा नव्हता. एडविन बटलर या वनस्पतिरोगतज्ज्ञाने १९०७ सालीच भारतातल्या बाजरीवरची त्याची नोंद करून ठेवली होती. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं तो इथेच होता आणि बाजरीही इथेच होती. शेतात एखाददुसरं ताट बिघडायचं, ते उपटून टाकायचं, बाकीचं पीक खळ्यावर यायचं. मग १९७१ मध्ये असं काय बदललं होतं?

बदललं होतं ते शेतातलं नातं. संकरापूर्वीच्या गावठी बाजरीच्या शेतात दोन ताटं एकसारखी नसत. बाजरीच्या फुलोऱ्याची रीतच तशी आहे. कणसावर स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, त्याच कणसातले परागकोश त्यानंतर काही दिवसांनी उघडतात. त्यामुळे कणीस बहुतेक वेळा दुसऱ्याच ताटाच्या परागाने भरतं, आणि दरवर्षी सगळं शेत पुन्हा आपसात मिसळतं. कुठे लांब कणीस, कुठे आखूड. एक ताट आठवडाभर आधी निसवलं तर दुसरं मागून. एकाला गोसावी लागला तर शेजारचं धडधाकट. ही सरमिसळ उत्पन्नाला मारक होती यात शंका नाही. पण तिचा एक उपयोग होता. शेतात सतत कोणतं ना कोणतं ताट पराग उधळत असल्यामुळे स्त्रीकेसर फार काळ उघडे राहत नसत, आणि त्यांतून आत शिरणाऱ्या अरगट या बुरशीजन्य रोगाला सवड कमी मिळे. संकरित शेत एकाच वेळी निसवू लागलं तेव्हा सगळी कणसं एकदमच परागाच्या प्रतीक्षेत उभी राहिली, आणि अरगटाचा तो चिकट, मधासारखा स्राव पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कणसांवर दिसू लागला.

बाजरीचा संकर करणं अवघड होतं तेही आपसातल्या याच मिसळीमुळे. संकरासाठी एका वाणाला नक्की आई करावं लागतं आणि दुसऱ्याला बाप. एवढ्याशा फुलांतले परागकोश हाताने काढत बसणं शेतकी पातळीवर अशक्य. त्यासाठी ज्याचे पराग मुळातच वांझ आहेत असा वाण हवा होता.

तो अमेरिकेत सापडला. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन हे शास्त्रज्ञ चाऱ्याच्या गवतांवर काम करत. बाजरीही त्यांच्या लेखी जनावरांच्या चाऱ्याचंच पीक होतं. बाजरीतला नर-वंध्यत्वाचा गुण त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केला, आणि त्यातून जो वाण तयार झाला त्याला गावाच्या नावावरून टिफ्ट २३ए म्हटलं गेलं. हे वंध्यत्व पेशीद्रवातून येतं, आणि पेशीद्रव संततीला मिळतो तो फक्त आईकडून. टिफ्ट २३ए च्या ओळींशेजारी योग्य नर वाणाच्या ओळी लावायच्या, वाऱ्याने पराग वाहून न्यायचे आणि टिफ्टच्या ओळींवरचं बी गोळा करायचं. ते बी म्हणजे संकरित बियाणं. शेतकऱ्याच्या शेतात त्याला पुन्हा सुपीक पराग येतील अशी सोय नर वाणाकडून होते.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे बियाणं भारतात आलं. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात दिलबागसिंग अठवाल यांनी त्याचा संकर बिल ३बी या वाणाशी केला, आणि १९६५ मध्ये ‘एचबी-१’, म्हणजे हायब्रीड बाजरा-१, देशातली पहिली संकरित बाजरी म्हणून बाहेर पडली. चाचण्यांमध्ये तिचं उत्पन्न प्रचलित वाणांच्या दुपटीच्या आसपास गेलं. अठवालांच्या या कामाचं मोल कमी लेखायचं कारण नाही. बाजरीसारख्या दुर्लक्षित पिकाकडे कोणी या ताकदीने पाहिलं नव्हतं, आणि अन्नटंचाईच्या त्या वर्षांत देशाला दाण्याची गरज होती.

एचबी-१ पाठोपाठ एचबी-२, ३, ४ आणि ५ आल्या. यांतली एचबी-३ सर्वांत जास्त पसरली. ती लवकर येई आणि गुजरात, राजस्थान, महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या पट्ट्याला मानवे. पाच नावं, पाच क्रमांक, पाच वेगळे बाप. आई मात्र पाचांचीही एकच, टिफ्ट २३ए. पंजाबातल्या शेतापासून इकडच्या माळरानापर्यंत लाखो एकरांतल्या प्रत्येक संकरित ताटाची निम्मी आनुवंशिकता आणि सगळाच्या सगळा पेशीद्रव एका वाणातून आलेला होता. आणि तो वाण वाढला होता अशा मुलखात, जिथल्या बाजरीची गोसावीशी कधी गाठच पडली नव्हती. टिफ्टनमध्ये या आईला रोगाची परीक्षा द्यावी लागली नाही. ती परीक्षा भारतातल्या शेतकऱ्याच्या वावरात झाली.

याच सुमारास अमेरिकेतही मक्यावर असाच प्रसंग गुदरला होता. १९७० साली तिथल्या मक्यावर करपा रोगाचा एक नवा प्रकार आला आणि देशातलं सुमारे १५ टक्के पीक घेऊन गेला. तिथेही बहुतेक संकरित मक्यात ‘टेक्सास’ नावाचा एकच पेशीद्रव होता, आणि रोगाचं विष नेमकं त्याच पेशीद्रवावर चालत होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७२ मध्ये मोठ्या पिकांच्या आनुवंशिक नाजूकपणावर अहवाल काढला, तो याच धक्क्यातून. साहजिकच इकडेही संशय टिफ्टच्या पेशीद्रवावर गेला. पुढे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत त्याच पेशीद्रवाचे आणि सर्वसाधारण पेशीद्रवाचे वाण शेजारी-शेजारी लावून पाहिले गेले तेव्हा गोसावीच्या बाबतीत पेशीद्रव निर्दोष ठरला. दोष केंद्रकातल्या जनुकांचा होता. टिफ्ट २३ च्या घराण्यातच प्रतिकारशक्ती नव्हती. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने प्रश्न अधिक व्यापक केला. एक घातक पेशीद्रव टाकून देता येतो. पण लाखो एकर एकाच घराण्यावर उभे आहेत, हे संकट पेशीद्रव बदलल्याने टळत नाही.

उपाय म्हणून मग आई बदलली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ५१४१ए हा नर-वंध्य वाण तयार झाला. त्यातून निघालेली बीजे-१०४ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर गेली, तिच्याबरोबर बीके-५६०. या नावांतच एक गोष्ट दडलेली आहे. बीजे-१०४ चा बाप जे-१०४, आणि एचबी-३ चा बापही जे-१०४. बीके-५६० चा बाप के-५६०, आणि एचबी-४ चाही तोच. नव्या आईला पेशीद्रव दिला होता तोही टिफ्टचाच. काही वर्षं पीक छान आलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बीजे-१०४ गोसावीला बळी पडली. त्याच काळात हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅटने ८१ए ही आई दिली. तीही टिफ्ट २३ च्याच बुटक्या भावंडावर गॅमा किरणांचा मारा करून, त्यातून रोगाला तोंड देणारी रोपं निवडून घडवलेली होती.

या पैदासकारांना एकसारखेपणाचा धोका कळत नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना तो चांगला कळत होता. अखिल भारतीय बाजरी सुधार प्रकल्पाचं मुख्यालय तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयात होतं, आणि तिथून देशभरच्या चाचण्यांमध्ये रोगप्रतिकारावर भर दिला जात होता. अडचण मोजमापाची होती. पैदासकाराच्या हाती होती वंशावळीची वही आणि स्वतःचे डोळे. वही सांगते की हे दोन वाण वेगवेगळ्या केंद्रांतून आले. डोळे सांगतात की एकाचं कणीस जाड आहे, दुसऱ्याचं बारीक. पण पाच-सहा पिढ्यांमागे दोन्ही एकाच मिश्रणातून निवडलेले असतील तर ते वहीत नसतं. आणि कणसाचा आकार, उंची, दाण्याचा रंग ही लक्षणं थोड्या जनुकांची, त्यातही जमीन-पाण्याप्रमाणे बदलणारी. वरून अगदी वेगळे दिसणारे दोन वाण आतून सख्खे असू शकतात, आणि एकसारखे दिसणारे दोन वाण परके.

पहिली मापं आली ती विकरांची. फ्रान्सच्या संशोधन संस्थेतले सर्ज तोस्तॅं यांनी १९८० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या रानटी आणि लागवडीखालच्या बाजरीतली विकरांची रूपं तपासली. बाजरी हे मूळचं सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातलं पीक. साडेचार हजार वर्षांपूर्वीची तिची लागवडीची खूण मालीमध्ये सापडली आहे. तिचं सर्वांत मोठं वैविध्य आजही तिथेच आहे. पण विकरांची संख्या मोजकी, म्हणून मोजपट्टीही तोकडी.

मोठा पल्ला गाठला तो डीएनएच्या खुणांनी. १९८० साली डेव्हिड बॉटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की डीएनए ठरावीक ठिकाणी कापणारी रसायनं वापरली तर दोन व्यक्तींच्या तुकड्यांची लांबी वेगवेगळी येते, आणि या फरकांच्या आधारे गुणसूत्रांचा नकाशा काढता येतो. ही खूण म्हणजे रस्त्यावरचा मैलाचा दगड समजावा. ती स्वतः जनुक असेलच असं नाही, पण जनुक कुठल्या टप्प्यावर आहे हे ती सांगते. पुरेशा खुणा सगळ्या गुणसूत्रांवर पसरलेल्या असल्या की दोन वाणांतल्या किती खुणा जुळतात आणि किती नाहीत हे मोजता येतं. त्या मोजणीतून शंभर वाणांचं एक शाखाचित्र निघतं, आणि कोण कोणाचं भावंड हे वहीशिवाय दिसतं. शिवाय त्यासाठी पीक कणसावर येण्याची वाट पाहावी लागत नाही. आठ-पंधरा दिवसांच्या रोपाचं पान पुरतं.

बाजरीसाठी हे काम इंग्लंडच्या नॉरिचमधल्या जॉन इनेस केंद्रात माइक गेल यांच्या गटाने केलं. वेल्समधल्या बॅंगर विद्यापीठातले जॉन विटकोम आणि इक्रिसॅटमधले टॉम हॅश त्यांच्याबरोबर होते. १९९२ साली त्यांच्या पहिल्या निबंधात जे दिसलं ते चकित करणारं होतं. बाजरीच्या वाणांमधला डीएनएचा फरक अतिशय मोठा होता. म्हणजे एकसारखेपणाचा शाप या पिकाला जन्मतः लागलेला नव्हता. वैविध्य उदंड होतं, आपण निवडलेल्या आया मात्र मोजक्या होत्या. १९९४ मध्ये त्याच गटाने १८१ खुणांचा, सात गुणसूत्रांवर मांडलेला बाजरीचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला.

१९९५ मध्ये पुढचं पाऊल पडलं. बॅंगरमध्ये, जिथून रोग बाहेर शेतात निसटण्याची भीती नव्हती, भारत, नायजेरिया, नायजर आणि सेनेगलमधून आणलेले गोसावीचे नमुने बाजरीच्या रोपांवर सोडण्यात आले, आणि प्रतिकारशक्तीचे भाग नकाशावर शोधले गेले. ते सापडले. पण चारही देशांतल्या रोगाला पुरून उरेल असा एकही भाग त्यात नव्हता. भारतातल्या नमुन्याला अडवणारा भाग वेगळा, नायजेरियातल्याला अडवणारा वेगळा. एक रामबाण जनुक शोधण्याची आशा तिथेच मावळली.

नेमक्या याच वर्षी पुण्यातून या प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर यांनी वनस्पतींच्या रेणुजीवशास्त्राचा गट उभा केला होता. विद्या गुप्ता त्यात होत्या. रसायनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेत भात, तूर, हरभरा, बाजरी यांच्या डीएनएवर काम व्हावं ही मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. या गटाने इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांबरोबर मिळून पीक बाजूला ठेवलं आणि रोगाच्याच डीएनएचे ठसे घेतले. डीएनएत काही छोटे शब्द पुन्हापुन्हा एकापुढे एक येतात; जी, ए, टी, ए ही चार अक्षरं त्यांतलीच. ही पुनरावृत्ती किती वेळा होते हे नमुन्यागणिक बदलतं, म्हणून ती ओळखीची उत्तम खूण ठरते. वेगवेगळ्या बाजरी वाणांवर पोसलेल्या गोसावीच्या नमुन्यांचे ठसे शेजारी ठेवले तेव्हा ते एकमेकांहून स्पष्ट वेगळे आले.

त्याचा अर्थ शेताच्या भाषेत असा होतो की, आपण गावागावांत बाजरी एकसारखी करत होतो तेव्हा गोसावीने आपलं वैविध्य राखलं होतं, आणि ज्या वाणाला गाव पसंती देईल त्या वाणाला खाणारा प्रकार त्याच्यातून वर येत होता. एचबी-३, बीजे-१०४ आणि त्यांच्यामागून आलेले अनेक लोकप्रिय संकर चार-सहा वर्षांत का कोसळत गेले, याचं उत्तर या ठशांत होतं. गोसावीसाठी बियाण्याला किलोमागे सहा ग्रॅम मेटॅलॅक्झिल चोळायची शिफारस आली. अरगटासाठी बी वीस टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारं काढून टाकायची आधीपासूनच होती. दोन्ही उपाय कामाचे आहेत, आजही करावेत. पण औषधाच्या पुडीने वाणांतली दरी वाढत नाही.

१९९८ साली पुण्याच्याच गटाने या खुणांचा आणखी एक कस लावला. दोन वाण खुणांच्या हिशोबाने जितके दूर, तितका त्यांचा संकर जोमदार येईल का? पैदासकारांचा हा जुना समज. या आणि नंतरच्या अनेक अभ्यासांचा मिळून कौल असा की, नुसत्या अंतरावरून संकराचं उत्पन्न वर्तवता येत नाही. दूरचे दोन वाण एकमेकांना पूरक नसतील तर अंतर फुकट जातं. पण कोणते संकर करण्यात अर्थ नाही, कोणते दोन वाण म्हणजे एकाच ताटाची दोन नावं आहेत, हे खुणा नक्की सांगतात. मला विचाराल तर तोच त्यांचा मोठा उपयोग आहे.

प्रत्यक्ष शेतात या विद्येचं पहिलं फळ हरियाणात आलं. हिसारच्या कृषी विद्यापीठाची एचएचबी-६७ ही साठ-पासष्ट दिवसांत निघणारी बाजरी १९९० साली प्रसारित झाली होती. इतक्या थोड्या दिवसांत येणारा दुसरा संकर नव्हता, म्हणून उशिरा पाऊस पडणाऱ्या हरियाणा-राजस्थानच्या भागात ती घरोघरी गेली. आणि नेहमीप्रमाणे, जी सगळीकडे जाते तिच्या मागे गोसावी जातो. या वेळी मात्र ती कोसळण्याची वाट पाहिली गेली नाही. इक्रिसॅट आणि हिसारच्या शास्त्रज्ञांनी तिच्या आई-बापांत प्रतिकारशक्ती घालायला घेतली. आईचं काम जुन्या पद्धतीने झालं. बापाचं खुणांच्या आधाराने: आयसीएमपी-४५१ या दात्याशी संकर करायचा, पुढच्या प्रत्येक पिढीत मूळ बापाशी फिरून संकर करायचा, आणि रोपावस्थेतच पानाचा डीएनए पाहून ज्यांत प्रतिकाराचा भाग आला आहे तीच रोपं ठेवायची. २००५ मध्ये ‘एचएचबी-६७ सुधारित’ प्रसारित झाली. डीएनए खुणांच्या मदतीने पैदा झालेला आणि शेतकऱ्यांच्या हाती गेलेला भारतातल्या सार्वजनिक संस्थांचा हा पहिला संकरित वाण.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली यातली सर्वांत मोलाची भर मात्र टोगोची आहे. पश्चिम आफ्रिकेत टोगो, बेनिन, घाना, बुर्किना फासोच्या पट्ट्यात ‘इनियाडी’ म्हणून ओळखली जाणारी टपोऱ्या दाण्याची, लवकर येणारी गावठी बाजरी आहे. इक्रिसॅटने टोगोहून आलेल्या अशा बियाण्यातून आयसीटीपी-८२०३ हा वाण निवडला आणि १९८८ साली तो महाराष्ट्र व आंध्र प्रदेशात प्रसारित झाला. हा संकर नाही. तो मुक्त परागीकरणाचा वाण आहे, त्यात ताटा-ताटांत थोडा फरक राहतो, आणि शेतकऱ्याला घरचं बी ठेवता येतं. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून त्यातूनच पुढे ‘धनशक्ती’ दिला. दाण्यातलं लोह वाढवून मुद्दाम घडवलेला हा देशातला पहिला बाजरी वाण, २०१२ साली आधी महाराष्ट्रासाठी मंजूर झाला. राहुरीच्या ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ या संकरित बाजऱ्याही इथल्या शेतकऱ्याच्या ओळखीच्या आहेत. खासगी क्षेत्रात जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली सुरू केलेल्या महिकोपासून पुढे कितीतरी कंपन्यांनी आपापले वाण आणले. एका बाजरीची मक्तेदारी मोडली ती अशा अनेक हातांनी, आणि उत्पन्न आज देशात सरासरी हेक्टरी सव्वा टनाच्या पुढे आहे ते त्याच अनेकपणामुळे टिकलं.

या शतकाच्या सुरुवातीपासून इक्रिसॅटमधल्या आया आणि बाप मोठ्या संख्येने खुणांवर तपासले गेले. चित्र दिलासा देणारं निघालं. आया एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला, असे दोन वेगळे गट पडतात, आणि दोन्ही गटांच्या आतही फरक शिल्लक आहे. पाच संकर एका आईचे, ही १९७० ची स्थिती आता उरलेली नाही.

२०१७ साली राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय गटाने बाजरीचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. अडतीस हजारांहून जास्त जनुकं त्यात नोंदली गेली, आणि जोडीला ९९४ वाणांचा डीएनए वाचला गेला; रानटी बाजरीही त्यात होती. संदर्भ म्हणून ज्या एका वाणाचा संच अथपासून इतिपर्यंत वाचला, तो होता टिफ्ट २३डी२बी१-पी१-पी५. त्याच टिफ्टनच्या घराण्यातला. याच माहितीच्या आधारे गणिताने काढलेल्या, संकरासाठी आशादायक अशा आई-बापांच्या जोड्यांची संख्या १७० आली. त्यांतल्या ११ जोड्या पैदासकारांनी आधीच वापरलेल्या होत्या. १५९ जोड्या कोणी कधी करून पाहिलेल्याच नव्हत्या.

सगळं निभावलं असं मात्र नाही. भारतातल्या जवळजवळ सगळ्या संकरित बाजरीत आजही पेशीद्रव टिफ्ट २३ए चाच आहे. वेन हॅना यांनी टिफ्टनमध्येच रानटी बाजरीतून काढलेला ए-४ आणि इक्रिसॅटचा ए-५ हे दुसरे पेशीद्रव हाताशी आहेत, पण त्यांना जुळणारे बाप कमी असल्याने ते वापरात फारसे आलेले नाहीत. गोसावीच्या बाबतीत हा पेशीद्रव निर्दोष ठरला, पुढच्या रोगाच्या बाबतीतही ठरेल याची हमी कोणी दिलेली नाही. आणि पुढचा रोग दारात उभा आहे. पूर्वी किरकोळ समजला जाणारा करपा गेल्या वीसेक वर्षांत बाजरीचा मोठा रोग बनला आहे.

बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती असते, शुद्धता असते, मुदत असते. त्या वाणाचं जिल्ह्यातल्या बाकीच्या वाणांशी नातं किती जवळचं आहे, हे कुठेच नसतं. पन्नास वर्षांपूर्वी ते सांगणं शक्य नव्हतं. आज शक्य आहे, खर्च आवाक्यात आहे, आणि राज्याच्या कृषी विद्यापीठांकडे ते करू शकणारी माणसं आहेत. विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी प्रत्येक नव्या संकराबरोबर त्याच्या आई-बापाची डीएनए खुणांवरची जवळीक जाहीर करावी, आणि कृषी खात्याने दर खरिपापूर्वी नाशिक, अहिल्यानगर, धुळे, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत पेरल्या जाणाऱ्या बाजरीच्या नात्यांचा तक्ता छापावा. तो तक्ता तालुक्याच्या कृषी कार्यालयाच्या फलकावर लागावा, आणि बियाणं घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याने तो मागून घ्यावा.